चिठ्ठी कुणाच्या नावानं?

जुलैतल्या एका दुपारी चंदगडकडच्या एक मावशी काउंटरवर आल्या. पदराखाली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत नवऱ्याच्या औषधाची चिठ्ठी, घड्या पडून पडून कडांना विरलेली. सकाळच्या एसटीनं निघालेल्या. आधी चंदगडात दोन मेडिकल, मग गडहिंग्लजला उतरून तीन, मग कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास विचारत विचारत राजारामपुरीत आमच्याकडं. सगळीकडं एकच उत्तर मिळालेलं, हे नाव आमच्याकडं येत नाही. "मालकांची बीपीची गोळी हाय. चार दिस झालं खाडा पडलाय," एवढंच त्या सांगत होत्या.

अक्षर मला लागलं. सत्तावीस वर्षं औषधाच्या काउंटरमागं काढल्यावर कुठलंही अक्षर लागतं. अडचण नावाची होती. ते नाव शहरात एकाच दुकानात मिळतं, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या जिन्याखालच्या. तिथं फोन लावून विचारलं, सॉल्ट, म्हणजे आतला मूळ घटक, काय? टेल्मिसार्टन, चाळीस मिलिग्रॅम. ही गोळी माझ्या पाठीमागच्या फळीवर सात कंपन्यांची होती आणि चंदगडातही असणारच. पण मी ती देऊ शकत नव्हतो. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या जागी दुसरं द्यायला औषध नियमावलीत दुकानदाराला मनाई आहे, आत तोच घटक असला तरीसुद्धा. शेवटी मावशींना रिक्षा करून त्या दुकानाकडं पाठवलं. जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर आणि एक दिवसाचा रोजगार, गल्लोगल्ली मिळणाऱ्या गोळीसाठी.

त्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव होतं, वय होतं, तारीख होती. तरी ती पेशंटला लिहिलेली नव्हती. ती जिन्याखालच्या दुकानाला लिहिलेली होती आणि पेशंटचं काम फक्त ती वरून खाली पोचवण्याचं. खाजगी प्रॅक्टिसमधल्या चिठ्ठ्यांबद्दल माझी जी तक्रार आहे तिचं मूळ इथं आहे. अक्षर, ब्रँड, जेनेरिक, कमिशन यावर आपण वेगवेगळं भांडतो, पण ही चिठ्ठी वाचायची कुणी, हे एकदा ठरलं असतं तर यातली निम्मी भांडणं उरली नसती.

अक्षराचंच घ्या. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीतले जुने कागद आहेत, हात न उचलता, घाईत, कारकुनी वळणानं लिहिलेले. नेटानं मोडी शिकलेला माणूस ते आजही वाचतो. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हा कागद उद्या दुसऱ्या गावच्या अनोळखी कारकुनाच्या हातात पडणार आहे, म्हणून वळणाला कितीही वेग आला तरी रीत सुटली नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीला असा अनोळखी वाचक गृहीतच धरलेला नसतो. वाचणारा एकच, आणि तो ओळखीचा. मग पहिलं अक्षर काढून पुढं नुसती रेघ ओढली तरी भागतं.

याच्यावर आपण विनोद करतो, पण काउंटरवर त्याचा घाम फुटतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहितात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कुणी ती रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवावर बेततं. आता चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढं इंग्रजीत घाईनं 'वीकली' खरडलेलं असतं आणि घरी वाचणारी असते सातवीतली नात. त्यापेक्षा 'फक्त रविवारी' असं मराठीत लिहायला किती शाई लागते?

इन्सुलिनचं तर विचारूच नका. युनिटसाठी इंग्रजी 'यू' काढतात, त्याचं तोंड मिटलं की शून्य होतो आणि दहाचे शंभर दिसतात. शिवाय आपल्याकडं चाळीसची आणि शंभरची अशा दोन ताकदींची बाटली मिळते. चाळीससाठी लाल टोपणाची सिरिंज, शंभरसाठी केशरी. शंभरची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढली तर डोस अडीचपट जातो. सिरिंज कुठली घ्यायची हे लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात क्वचितच येते. ते आम्ही विचारायचं, आणि संध्याकाळी सात वाजता दवाखान्याचा फोन उचलला गेला तर.

'एसओएस' हेही असंच. मूळ लॅटिन, अर्थ 'गरज पडली तर'. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मी गुडघेदुखीची गोळी महिनोन्‌महिने तीन वेळा घेणारी माणसं पाहिली आहेत. चिठ्ठीवर एसओएस होतं आणि ते काय असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किडनीच्या डॉक्टरांकडं गेल्यावर कळलं.

न्यायालयांनी यात लक्ष घातलं आहे. ओडिशाच्या उच्च न्यायालयानं सुवाच्य लिहायचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, आणि संगणकावरच्या चिठ्ठ्या येईपर्यंत मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहा असं बजावलं. त्याच ऑगस्टात आपल्याकडं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेही सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या समोरच. रस्त्याच्या एका बाजूला चिठ्ठ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला न्यायमूर्ती. उद्या कुणी याचिका घेऊन रस्ता ओलांडला तर मला आनंदच होईल.

पण त्या याचिकेत नुसतं अक्षर मागितलं तर हाती फार काही लागणार नाही. गेल्या काही वर्षांत शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांत छापील चिठ्ठ्या आल्या. नाव स्वच्छ, डोस स्वच्छ, वर लोगो, खाली क्यूआर कोड. आणि आत काय? 'सर्दी-ताप' असं टेम्प्लेट. एक बटण दाबलं की पाच ओळी छापून येतात: अँटिबायोटिक, तापाची गोळी, सर्दीची, पित्ताची, ताकदीची. आलेला माणूस बावीस वर्षांचा पैलवान असो की बाहत्तर वर्षांची आजी, ओळी त्याच. चंदगडच्या मावशींची चिठ्ठी छापील असती तरी गोळी त्याच जिन्याखाली मिळाली असती. अक्षर सुधारलं, पत्ता तोच राहिला.

पित्ताच्या गोळीचं उदाहरण मुद्दाम दिलं. आयसीएमआरनं देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या ४,८३८ चिठ्ठ्या तपासल्या, तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ४५ टक्के चिठ्ठ्या उपचारांच्या मान्य मार्गदर्शक तत्त्वांपासून ढळलेल्या निघाल्या, आणि दहा टक्क्यांच्या आसपास चिठ्ठ्यांतलं ढळणं स्वीकारण्याजोगं नव्हतं. त्यात पुन्हा पुन्हा येणारी नावं पित्ताच्या गोळ्यांची, पँटोप्राझोल आणि तिच्या भावंडांची. ही बहुतेक शिकवणारी रुग्णालयं, जिथं मागं प्राध्यापक उभे असतात. गल्लीतल्या दवाखान्यात मागं कोण असतं?

कोण असतं ते सांगतो. दुपारी दीडच्या सुमारास कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बघा, पेशंट संपल्यावर बॅगा घेऊन बसलेली तरुण पोरं दिसतील. एमआर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. त्यांच्याबद्दल मला राग नाही, टार्गेट चुकलं की नोकरी जाते. मोठ्या कंपन्यांचं एक बरं असतं, त्यांचा माल सगळीकडं मिळतो. खरी गोम आहे पीसीडीत. धंद्याबाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो: प्रोपगंडा कम डिस्ट्रिब्यूशन. बद्दी किंवा हरिद्वारच्या कारखान्यात एकाच मशीनवर एकच गोळी निघते आणि वीस वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत जाते. त्यातलं एक नाव घेऊन एखादा माणूस कोल्हापुरात एका डॉक्टरला आणि त्यांच्या जिन्याखालच्या दुकानाला बांधून घेतो. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत कित्येक पटींचं अंतर असतं. त्या अंतराची वाटणी कशी होते हे शहाण्यांना सांगायला नको. असं नाव दुसऱ्या दुकानात ठेवून उपयोग नसतो, कारण ते दुसरं कुणी लिहीतच नाही.

याला कायदा नाही असं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात चेन्नईच्या एका औषध कंपनीचं प्रकरण निकाली निघालं. डॉक्टरांना वाटलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप यांवरचा खर्च करातून वजा करून द्या, अशी कंपनीची मागणी! न्यायालयानं ती फेटाळली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं औषध कंपन्यांच्या जाहिरात-व्यवहारासाठी नवी संहिता काढली. आपल्या राज्यानं २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनविरोधी, विधेयकाचा मसुदा केला होता, तो मसुदाच राहिला. संहिता भेटवस्तू मोजते. पण गोळीचं नावच भेटवस्तूसारखं वापरलं तर ते कुठल्या कलमात बसवायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे घटकाचीच, नावं लिहायची सक्ती करा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत जेनेरिक नावांचं कलम होतंच. २०१६ मध्ये ते कडक करून सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा असं जोडलं. मग २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं जेनेरिकची सक्ती आणि सोबत शिक्षा जाहीर केली. डॉक्टरांच्या संघटना उठल्या आणि २३ ऑगस्टला ते नियम स्थगित झाले. तीन आठवड्यांत खेळ आटोपला.

इथं मी थोडा डॉक्टरांच्या बाजूनं बोलणार आहे आणि माझ्या धंद्याच्या विरोधात. नुसतं 'टेल्मिसार्टन ४०' असं लिहिलेली चिठ्ठी माझ्यापुढं आली तर कंपनी कोण निवडणार? मी. आणि मी कुठली निवडीन? सगळे दुकानदार साधू असतात असं समजू नका. ज्या पाकिटावर दहाला एक फुकट अशी स्कीम आहे, ते पाकीट हाताला आधी लागतं. म्हणजे जिन्यावरचा व्यवहार जिन्याखाली येतो, पेशंटच्या खिशाला फरक पडेलच असं नाही. डॉक्टरांची दर्जाबद्दलची भीतीही खोटी नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ माणसं गेली आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. त्याला चाळीस वर्षं होत आली आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या विषारी औषधानं दगावली. अशा देशात 'मी ज्या कंपनीवर विश्वास ठेवतो तिचंच लिहीन' असं कुणी म्हणालं तर त्याला सरसकट लाचखाऊ म्हणणं मला पटत नाही.

मात्र तोच डॉक्टर जिन्याखाली मिळणारं, कुठल्या कारखान्यातून निघालं हे त्यालाही न सांगता येणारं नाव लिहीत असेल, तर त्यानं दर्जाचं नाव काढू नये. माझी मागणी अगदी साधी आहे. घटकाचं नाव मोठ्या अक्षरांत आधी लिहा, आणि कंपनी हवीच असेल तर ती खाली. दोन्ही नावं. मग पेशंटला कळेल की आपण काय खातो. चंदगडच्या दुकानदारालाही कळेल, तो निदान डॉक्टरांना फोन करून विचारू शकेल, 'हे नाही, हे चालेल का?' जनऔषधी दुकानात जायचं की नाही हेही पेशंटला ठरवता येईल. आज ते दुकान समोर असूनही तो आत जाऊ शकत नाही, कारण हातातल्या कागदावरचं नाव तिथं कुणी ओळखत नाही.

घटकाचं नाव असण्याचा आणखी एक फायदा. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावानं लिहिलेली आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं लिहिलेली रक्तदाबाची तीच गोळी दोन्ही वेळा घेणारे एक निवृत्त मास्तर माझे गिऱ्हाईक आहेत. चक्कर येऊन न्हाणीघरात पडले, मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी तिसरी चिठ्ठी दिली. तिन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठं लक्षात आलं. तिघांपैकी कुणाचीच चूक नव्हती असं म्हणता येईल, कारण तिघांनीही आपापल्या दुकानाला लिहिलं होतं.

आता पेठांमधल्या जुन्या दवाखान्यांकडं वळतो, तिथं चिठ्ठीच नसते. डॉक्टर स्वतःच पुड्या बांधून देतात. स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची सवलत त्यांना कायद्यानं दिलेली आहे, तिच्या अटी आहेत त्या वेगळ्या. या पुड्यांनी गरिबाला स्वस्तात बरं केलं आहे, हे मी नाकारत नाही. पण रात्री त्या माणसाला धाप लागली आणि सीपीआरच्या अपघात विभागात नेलं की तिथला पोरगेला डॉक्टर विचारतो, काय औषधं चालू आहेत? उत्तर येतं, "लाल, पांढरी आन्‌ अर्धी पिवळी." ती अर्धी पिवळी स्टेरॉइड असेल तर ती एकदम बंद होणं किती धोक्याचं, हे त्या डॉक्टराला कळायला मार्ग नाही.

आणि आपण? आपणही काही कमी नाही. तीन दिवस नुसता आराम करा, पाणी प्या, एवढंच सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल आपण बाहेर येऊन काय बोलतो? "सुई बी दिली न्हाई, नुसतं बोलून दोनशे घेतलं." त्या डॉक्टरचा पेशंट दुसऱ्या दिवशी समोरच्या दवाखान्यात असतो. पाच ओळींची चिठ्ठी ही कधी कधी डॉक्टरनं आपल्यापुढं टाकलेली शरणागती असते. दुकानदार म्हणून माझाही वाटा सांगतो: अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. ती रेघ मीही कधीमधी ओलांडली आहे. 'दोनच दिवसाच्या द्या' म्हणणाऱ्याला कात्रीनं पट्टी कापून दिली आहे. अशी कापली की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि गिऱ्हाईक घरी जातं तिसरा तुकडा घेऊन.

हे सगळं मला एकत्र दिसलं ते २०१९ च्या ऑगस्टात. पंचगंगेनं चिखली, आंबेवाडी वेढली होती, माणसं बोटींतून काढली जात होती. शहरातल्या एका निवारा केंद्रात मी औषधं लावायला जात होतो. राज्यभरातून खोकी आली होती, डॉक्टर आले होते, रक्तदाब आणि साखरेचे पेशंट तर रांगेनं होते. औषध होतं, डॉक्टर होते, पेशंट होते. पेशंट काय घेत होता हे तेवढं कुणालाच सांगता येत नव्हतं. चिठ्ठ्या पाण्यात गेलेल्या. ज्यांनी त्या वाचवल्या होत्या त्यांच्या चिठ्ठ्यांवरची नावं पुण्याच्या डॉक्टरांनी जन्मात ऐकलेली नव्हती. तीन दिवस मी गोळ्यांचे रंग आणि आकार विचारत होतो, पोलिसांनी चोराचं वर्णन विचारावं तसा.

त्यात चिखलीच्या एक आजी होत्या. ब्लाऊजमधल्या पाकिटातून त्यांनी कागद काढला, वर प्लास्टिक चिकटवलेलं. शिवाजी पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी. औषधाचं मूळ नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत, त्याखाली मराठीत 'रक्तदाबासाठी, सकाळी, कायम चालू'. दुसरी ओळ, 'साखरेसाठी, जेवणानंतर, दोन वेळा'. आणि तिसरी गोळी आडवी रेघ मारून खोडलेली, शेजारी लिहिलेलं: 'अॅम्लोडिपिन बंद, पाय सुजतात'. पुण्याच्या डॉक्टरांच्या हातात त्या वेळी अॅम्लोडिपिनचीच पट्टी होती, देणगीच्या खोक्यातून भरपूर आली होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि दुसरी मागितली. सगळं मिळून दोन मिनिटं.

त्या डॉक्टरांकडंही संध्याकाळी बाकं भरलेली असायची. वेळ नाही ही सबब त्यांनाही शोभली असती. तरी ते प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायचे: कशासाठी, कधीपर्यंत, आणि जुन्यातलं काय बंद. ही शेवटची सवय मला सगळ्यात दुर्मीळ वाटते. नवी ओळ जोडणारे डॉक्टर मी रोज पाहतो. दुसऱ्यानं लिहिलेली ओळ खोडायचं धाडस फार थोड्यांत आहे, म्हणून साठीच्या पुढच्या माणसाच्या पिशवीत अकरा-अकरा गोळ्या निघतात. शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं शिबिरं, परिषदा पुष्कळ घेतल्या. एक वर्ष एवढ्या तीन ओळींसाठी द्यावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, की सॉफ्टवेअर लागत नाही. आणि आम्हा दुकानदारांच्या संघटनेनं, ज्या नावाचं सॉल्ट चिठ्ठीवर नाही ते नाव आम्ही ठेवणार नाही, एवढं एकमुखानं सांगून बघावं. धंदा बुडेल म्हणून आधी माझेच भाऊबंद ओरडतील, ते मला ठाऊक आहे.

शिवाजी पेठेतल्या त्या डॉक्टरांनी वयोमानानं दवाखाना बंद केला. त्यांचे पेशंट आता इकडंतिकडं पांगले आहेत. नव्या डॉक्टरांची छापील चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडं येतात, गोळ्या घेतात आणि निघता निघता कागद उलटा करून पुढं सरकवतात. "ही कशाची, ही कवापत्तर, तेवढं मागं मराठीत लिवून द्या की." मी लिहून देतो. त्यासाठी काउंटरला दोरीनं बांधलेलं एक बॉलपेन आहे, महिन्याला दोन रिफिली लागतात.